ठसा धुवायचा की ठेवायचा?



या पानावर आम्ही एरवी निकाल, शिस्त, वेळेवर फी आणि वेळेवर झोप यांविषयी लिहितो. या अंकात मात्र एका एप्रनविषयी लिहीत आहोत. खरं म्हणजे दोन एप्रन आहेत. एक अमेरिकेहून आला, दुसरा आपल्याच शाळेतला. आणि त्या दुसऱ्याच्या बाबतीत आमच्या हातून जी चूक झाली ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळे.

गेल्या डिसेंबरात शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शन भरलं होतं. परीक्षक तिघे, त्यांत आम्ही एक. पहिला क्रमांक आम्ही आइसक्रीमच्या काड्यांच्या बंगल्याला दिला. दोन मजले, गच्ची, गच्चीवर चकाकी लावलेली टाकी. फार देखणा होता. दुसऱ्या दिवशी शिवणाच्या बाईंनी हळूच विचारलं, "सर, त्यातल्या एकाही काडीला आइसक्रीम लागलं होतं का?" नव्हतं. काड्या कोऱ्या होत्या, दुकानातून पाकिटानं आणलेल्या. चकाकी विकतची, गोंद विकतचा, खालचा पुठ्ठाही नवा. प्रदर्शन संपल्यावर तो बंगला कुठे गेला असेल, हे कचरागाडीचं गाणं रोज सकाळी ऐकणाऱ्या इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. म्हणजे टिकाऊ वस्तू आणून आम्ही टाकाऊ केली, आणि वर तिला ढाल दिली.

त्याच दिवशी शेवटच्या बाकावर सातवीतल्या एका मुलीनं एप्रन ठेवला होता. मैद्याच्या जुन्या कापडी पोत्याचा, हातानं शिवलेला. तिच्या आजीच्या ट्रंकेत अशी दोन पोती धुऊन घडी करून ठेवलेली होती, त्यांतल्या एकाचा. छातीवर अर्धवट पुसलेला निळा ठसा, काही अक्षरं आणि वजनाचा आकडा. आम्ही विचारलं, "हे कशाचं आहे?" ती म्हणाली, "कट्ट्याचं." मागे उभी असलेली दोन-चार मुलं हसली. तिनं एप्रनची घडी केली आणि ठसा आत गेला. आम्हीही पुढच्या बाकाकडे वळलो. उत्तेजनार्थसुद्धा दिलं नाही.

(बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्या माळव्यात कट्टा म्हणजे पोतं. पुण्याचे पाहुणे आले की त्यांना गप्पांचा कट्टा आठवतो. तिसरा अर्थ पोलिसांच्या बातम्यांत येतो, तो इथे नको.)

जानेवारीत शाळेची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. ती बरीच वर्षं अमेरिकेत असते. तिनं शाळेच्या शिवणकक्षासाठी भेट आणली होती, कागदात गुंडाळलेला एक एप्रन. जाडसर, सायीच्या रंगाचं सुती कापड, त्यावर लाल-निळ्या अक्षरांत पिठाच्या गिरणीचं नाव, खाली गव्हाच्या ओंब्या, पोटाशी एक मोठा खिसा. आम्ही उलटसुलट करून पाहिला तर एका कडेला बारीक भोकांची सरळ ओळ दिसली. "याला कसर लागली आहे की काय?" असं आम्ही विचारलं. ती हसली. म्हणाली, "नाही हो सर, ती पोत्याच्या शिवणीची भोकं. यावरूनच तर खरं पोतं ओळखतात. हल्ली नव्या कापडावर जुना दिसणारा ठसा छापून विकतात, त्याला ही भोकं नसतात." एका जत्रेत एक वयस्कर बाई जुन्या पोत्यांचे एप्रन स्वतः शिवून विकत होत्या, त्यांच्याकडून तिनं तो घेतला होता.

तो एप्रन हातात घेतल्यावर आम्हाला शेवटचा बाक आठवला. लाज वाटली. समुद्रापलीकडून आलं म्हणून आम्ही त्या ठशाकडे कौतुकानं पाहत होतो, आणि तसाच ठसा महिन्याभरापूर्वी आमच्या नजरेसमोर घडीत लपला होता.

मग आम्ही या पोत्यांची माहिती काढली. आमचं पदवीपर्यंतचं शिक्षण हिंदी माध्यमातलं, अमेरिकेचा इतिहास म्हणजे दोन-चार राष्ट्राध्यक्षांची नावं एवढाच. पण ही गोष्ट वाचताना आपल्याच घरातली वाटत गेली.

पूर्वी अमेरिकेत पीठ लाकडी पिंपांतून विकलं जाई. एका पिंपात १९६ पौंड, म्हणजे सुमारे ८९ किलो. १८४६ मध्ये इलायस हाउ यांनी शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, पुढे यंत्राची शिवण सर्रास झाली, आणि पिठाचं वजन पेलेल अशी कापडी पोती करणं शक्य झालं. मोजमाप मात्र पिंपाचंच राहिलं. अर्ध्या पिंपाचं पोतं ९८ पौंडांचं, पाव पिंपाचं ४९ पौंडांचं. पिंप गेलं तरी त्याचा हिशेब बरीच वर्षं मागे राहिला. आपल्याकडे आणे गेले तरी 'सोळा आणे खरं' म्हणतोच की आपण.

पोतं रिकामं झालं की ते टाकणारी गृहिणी विरळाच. शेतावरच्या घरात पैसा वर्षातून एकदा-दोनदा दिसणार, आणि इथे चांगलं सुती कापड पिठाबरोबर फुकट आलेलं. पोत्याची शिवण साखळी टाक्याची असे. योग्य टोक सापडलं की एका ओढीत सगळी शिवण सरसर उसवते. चुकीचं टोक ओढलं तर गाठ बसते आणि कात्री घ्यावी लागते. तो दोराही गुंडाळून ठेवत आणि त्याच्या विणकामाच्या वस्तू करत. शंभर पौंडांचं पोतं उसवून पसरलं की साधारण वारभर रुंद आणि सव्वा वार लांब कापड मिळतं. त्यात एक एप्रन आरामात बसतो, उरलेल्या पट्ट्यांचे बंद आणि खिसा होतो. बाईमाणसाच्या पूर्ण पोशाखाला तीन-चार पोती लागत.

एप्रन तिकडच्या घरात काय काय करी हे वाचताना आम्हाला आईचा पदर आठवला. खुराड्यातली अंडी त्यात, मळ्यातल्या शेंगा त्यात, चुलीवरचं भांडं त्यानं उतरवायचं, रडणाऱ्या मुलाचं नाक त्यानंच पुसायचं. आपल्याकडे एप्रन नव्हता असं नव्हे, तो नऊवारीलाच जोडलेला होता.

आता मुद्द्याचं. त्या पोत्यांवर कंपनीचा ठसा असे, आणि तो काढण्यासाठी बायका जिवाचं रान करत. चरबी किंवा रॉकेल चोळून रात्रभर मुरवायचं, मग राखेच्या क्षाराच्या कडक साबणानं घासायचं, उकळायचं, उन्हात टाकायचं, आणि तरी पुसट राहिलं तर पुन्हा. कशासाठी? आपलं पोर शाळेत गेल्यावर त्याच्या पाठीवर पिठाचं नाव वाचून कुणी हसू नये म्हणून. आतल्या कपड्यांवर कंपनीचं नाव राहिल्याचे विनोद तर तिकडे पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. विनोद सांगणाऱ्यांना हसू आलं असेल. ज्या घरात तो कपडा वापरला गेला, तिथे किती आलं असेल सांगता येत नाही.

गिरणीवाले व्यापारी लोक, त्यांना हे लवकर कळलं. १९२४ मध्ये आसा बेल्स या गृहस्थांनी अशा पोत्याच्या पेटंटसाठी अर्ज केला की जे मुळातच पोशाखाच्या कापडाचं असेल. सेंट लुई शहरातल्या जॉर्ज पी. प्लांट मिलिंग कंपनीनं चौकड्याच्या कापडात पीठ भरून विकायला सुरुवात केली आणि पिठाचं नावच 'गिंगहॅम गर्ल' ठेवलं. मग सगळ्यांत चढाओढ लागली. फुलं, पक्षी, ठिपके, मुलांसाठी चित्रं. ठसा धुतल्यावर निघेल अशा शाईचा किंवा कागदी चिठ्ठीचा केला. कोंबड्यांच्या खाद्याचीही पोती छापील झाली. दुकानात नवऱ्याला पाठवताना बायका कापडाचा तुकडा हातात देत, याच नमुन्याची आण, नाहीतर पोशाख अर्धवट राहील. आणि हवं ते पोतं नेमकं थप्पीच्या तळाशी असे. दुकानदाराची काय अवस्था होत असेल, हे सियागंजात किराणा भरलेल्या कुणालाही समजेल.

१९२९ नंतरच्या मंदीत आणि पुढे महायुद्धाच्या वर्षांत या पोत्यांनी लाखो घरांतली अब्रू राखली. सुती व्यवसायाच्या राष्ट्रीय मंडळानं पोत्यांचं शिवणकाम शिकवणाऱ्या पुस्तिका काढल्या, स्पर्धा घेतल्या. कॅन्सस राज्यातल्या काल्डवेल गावच्या डोरोथी ओव्हरॉल यांनी १९५९ मध्ये अशाच स्पर्धेसाठी पोत्यांचा पोशाख शिवला. तो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण तोवर कागदाची पोती स्वस्त पडू लागली होती, पाठोपाठ प्लास्टिक आलं, आणि कापडी पोती मागे पडली. एकेकाळी जी घरोघरी पडलेली असत, ती आता जुन्या वस्तूंच्या बाजारात निवडून, भाव करून घ्यावी लागतात. आणि गंमत म्हणजे आता भाव ठशालाच आहे! ठसा जितका ठसठशीत तितकी किंमत जास्त. आज्यांनी रात्र रात्र घासून काढलेली अक्षरं नाती पैसे मोजून अंगावर घेतात.

याला काही जण ढोंग म्हणतील. आमचं मत तसं नाही, पण थोडं थांबून विचार करावा असं हे नक्की आहे. गरिबीचा कपडा हौसेनं घालणं सोपं असतं, कारण संध्याकाळी तो काढून ठेवता येतो. नव्या कापडावर जुना ठसा छापून विकतात, त्याविषयी तर आमचं मत स्पष्टच वाईट आहे. ते आइसक्रीमच्या कोऱ्या काड्यांचं थोरलं भावंड आहे. त्या कापडानं कधी पीठ वाहिलेलं नाही, ते कुणी उसवलेलं नाही, वाचवलेलं नाही. नव्या कापडाचा एप्रन हवा असेल तर एम. टी. क्लॉथ मार्केटमधून चांगला मांजरपाट आणावा आणि साधा शिवावा. त्यात काही कमीपणा नाही. कमीपणा खोट्या जुनेपणात आहे.

उलट जत्रेतल्या त्या बाईंनी जे केलं ते खरं काम. जुनं, डागाळलेलं, एखाद्या ठिकाणी उंदरानं कुरतडलेलं पोतं घ्यायचं, डाग खिशाखाली येईल असं बेतायचं, कडेची भोकं तशीच ठेवायची. यावरही एक आक्षेप आहे आणि तो आम्हाला पटतो. जे पोतं अखंड आहे, ज्याची छपाई पूर्ण आहे, ते कापूच नये. ते आता कागदपत्राइतकं मोलाचं आहे. कात्री लावायची ती फाटक्या पोत्याला. आमच्या भेटीच्या एप्रनाला आत दोन ठिकाणी रफू आहे. म्हणून आमचं मन शांत आहे.

ठशाची दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती आम्हाला पहिलीपेक्षा जास्त विचारात पाडते. १९१४ मध्ये जर्मन सैन्यानं बेल्जियम व्यापलं. इंग्लंडनं समुद्रात नाकेबंदी केलेली. खाणारी तोंडं लाखोंनी, धान्य येणार कुठून? तेव्हा हर्बर्ट हूव्हर यांच्या पुढाकारानं मदत समिती उभी राहिली. हेच हूव्हर पुढे १९२९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. समितीनं जहाजांतून पीठ पाठवलं, ते सुती पोत्यांतून. रिकाम्या पोत्यांचा हिशेब काटेकोर ठेवला जाई, कारण कापसापासून दारूगोळा बनतो, आणि त्याच पोत्यात निकृष्ट पीठ भरून मदतीचं म्हणून विकण्याचा धोकाही होता. ती पोती शिवणशाळांत, मठांत, कामाच्या खोल्यांत दिली गेली. तिथे मुलींनी आणि बायकांनी त्यांचे कपडे शिवलेच, पण बऱ्याच पोत्यांवर भरतकाम केलं. ठसा पुसला नाही. त्याच्याच अक्षरांवर रेशमाचे टाके घातले, भोवती फुलांची वेल काढली, दोन्ही देशांचे झेंडे काढले, आणि आभार म्हणून ती पोती परत पाठवली. आयोवा राज्यात वेस्ट ब्रँच या गावी हूव्हर यांच्या नावाचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे, तिथे अशा पोत्यांचा मोठा संग्रह जपलेला आहे.

एकीकडे ठसा घासून काढणाऱ्या बायका, दुसरीकडे त्याच ठशावर रेशीम भरणाऱ्या. दोघींच्या घरात अडचणच होती. मग बरोबर कोण? आम्ही यावर बरेच दिवस घोळ घातला. आज आम्हाला असं वाटतं की हा प्रश्न बाहेरच्यानं सोडवायचाच नाही. ज्या हातांनी शिवलं त्यांनी ठरवायचं.

आणि हे आम्हाला पुस्तकानं शिकवलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. शिकवलं त्या सातवीतल्या मुलीच्या आईनं. आम्ही त्या दोघींना शाळेत बोलावलं, प्रदर्शनाच्या दिवसाबद्दल दिलगिरी सांगितली. आमच्या डोक्यात योजना तयार होती: अमेरिकेचा एप्रन आणि त्यांचा एप्रन शेजारी शेजारी काचेच्या कपाटात लावायचे, दोन्ही ठसे दर्शनी. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, लावा की. पण आधी मी तो ठसा धुऊन देते. पोरीला त्याचं चांगलं वाटत नाही." आम्ही बेल्जियम सांगायला सुरुवात केली होती, ती तिथेच थांबवली. मुलीनं आईकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि "विचार करून सांगते" म्हणाली. अजून तिनं सांगितलेलं नाही. आम्ही घाई करणार नाही. तोवर कपाटात एकच एप्रन आहे आणि शेजारची जागा रिकामी ठेवली आहे.

आमच्या लहानपणी, १९७० च्या दशकात, आमच्या घरीही ही पोती येत. कुणा हलवायाकडून रिकामी मैद्याची पोती आई मागून आणायची. आधी थंड पाण्यात भिजवायची. गरम पाणी एकदम घातलं तर शिवणीत अडकलेल्या मैद्याची खळ होते आणि कापड दगडासारखं कडक होतं, हे तिला कुणी शिकवलं ठाऊक नाही. मग पिशव्या, गाळणी, चक्का बांधायची फडकी, उशांचे आतले अभ्रे. जुनेराची दुपटी आणि गोधडी तर प्रत्येक घरात होत. याला कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं. काटकसर म्हणत, आणि पाहुणे आले की ती फडकी आत सरकवत. म्हणजे ठसा लपवणारं एक घर आमचंही होतं, हे आम्ही विसरलो होतो.

आता थोडं शाळेचं. प्रदर्शन यंदाही होईल, पण नियम बदलतील. वस्तूसाठी काहीही विकत आणायचं नाही, सुई-दोरा सोडून. मूळ वस्तूनं आधी कुठलं तरी काम केलेलं असलं पाहिजे आणि ते काय, हे विद्यार्थ्यानं तोंडी सांगायचं. केलेली वस्तू घरात किंवा शाळेत निदान महिनाभर वापरून मगच ठेवायची. वापरल्याच्या खुणा दिसल्या तर गुण कापले जाणार नाहीत, वाढतील. परीक्षकांत शिवणाच्या बाई असतील. आम्ही नसू.

एका पालकांचं पत्र आलं आहे. त्यांना चिरंजीवाला शिवणाच्या तासाला बसवणं पसंत नाही. "आम्हाला त्याला शिंपी करायचं नाही" असं त्यांनी लिहिलं आहे. त्यांचा मान राखून दोन गोष्टी सांगतो. एक, आपण आषाढीला ज्यांचे अभंग शाळेत म्हणतो ते नामदेव महाराज शिंप्याच्या घरचे. दुसरी जास्त व्यवहारातली. हाच मुलगा चार वर्षांनी वसतिगृहात जाईल आणि मुलाखतीच्या दिवशी सकाळी त्याच्या शर्टाचं बटण तुटेल. तेव्हा आई इंदुरात असेल. शिवणाचा तास मुलामुलींना सारखाच राहील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडून काम शिकावं असं म्हटलं आहे. तेव्हा हे आमचं एकट्याचं खूळ नाही.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. शिवणकक्ष रिकामा करून तिथे नवा डिजिटल वर्ग करावा, असा प्रस्ताव पुढच्या बैठकीत येणार आहे. डिजिटल वर्ग हवाच, त्याला आमचा विरोध नाही. पण त्या खोलीत पाच पायमशिनी आहेत. त्यांतल्या दोन चालतात, दोन पट्टा नसल्यामुळे बसून आहेत, एकीचा शटल गेला आहे. दुरुस्तीला फार खर्च येणार नाही. गिरण्यांच्या भोंग्यावर या शहराची सकाळ होत असे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तिच्या कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांचे आजोबा त्या गिरण्यांत कापड विणत होते. त्यांच्या नातवंडांना कापडाची उभी-आडवी वीण ओळखता येऊ नये, याचं आम्हाला वाईट वाटतं. डिजिटल वर्गासाठी वरच्या मजल्यावरची ढालींची खोली रिकामी करता येईल. ढाली जिन्यात लावू. त्या काड्यांच्या बंगल्याची ढालही तिथेच आहे, येता-जाता आम्हाला दिसत राहील.

स्वच्छतेत आपलं शहर २०१७ पासून देशात अव्वल म्हणवतं आणि त्याचा आम्हालाही अभिमान आहे. ओला-सुका कचरा वेगळा करायला आपली मुलं चांगली शिकली आहेत. पण डब्यात टाकण्यापूर्वी ती वस्तू हातात धरून, हिचं अजून काय होईल, असं पाहायची सवय आमच्यातच उरलेली नाही, तर त्यांना कोण लावणार? शिवणाचा तास आम्हाला त्यासाठी हवा आहे.

यंदा सातवी-आठवीचे विद्यार्थी एप्रनच शिवणार आहेत. रसायनशाळेसाठी बारा आणि स्नेहसंमेलनात पोहे करणाऱ्या पालकांसाठी दहा. कापड जुनंच हवं. मैद्याची किंवा साखरेची जुनी कापडी पोती, विटलेल्या चादरी, जाड सुती पडदे, फाटके पायजमे, घरात जे असेल ते. रेशीम आणि नायलॉन नको. नक्षीची जुनी लुगडी कृपया पाठवू नयेत, ती कापायला बाईंचा हात धजणार नाही. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कापड शिवणकक्षात पोचवावं, वर विद्यार्थ्याचं नाव आणि वर्ग लिहिलेली चिठ्ठी टाचावी, आणि ठसा असेल तर तो धुवायचा की ठेवायचा तेही त्या चिठ्ठीवर लिहावं. पोतं असेल तर उसवू नये, साखळी टाका मुलांनाच ओढू द्यावा. आणि घरी धुणार असाल तर आधी थंड पाण्यात.